गुहागरच्या घरातील कॅमेरा कशावर रोखावा

आपण सप्टेंबरात टोरांटोला येणार आहात, आईवडील गुहागरलाच राहणार आहेत आणि घरात एकच कॅमेरा बसवायचा झाल्यास तो समुद्राकडे, बेड्याकडे (आवाराच्या फाटकाकडे) की वडिलांच्या खोलीत लावावा, असे आपण विचारले आहे. मी ११ वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरून टोरांटोला आलो आणि या तिन्ही जागा करून पाहिल्या. माझ्या मते कॅमेरा पडवीतून बाहेर पाहणारा असावा आणि त्यात पायरी, खळे (पुढचे अंगण) व तुळशीवृंदावन एवढेच दिसावे.

समुद्राची ओढ मला समजते. माझा पहिला कॅमेरा वाडीच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करूनच होता. आपला किनारा पश्चिमेचा असल्याने दुपारनंतर ऊन थेट भिंगात शिरते आणि समोर उभा असलेला माणूस नुसता काळा आकार दिसतो. खाऱ्या वाऱ्याने भिंगावर धरणारा थर वरचेवर पुसावा लागे, आणि ते काम सत्तरीतल्या वडिलांच्या अंगावर पडले याचे मला आजही वाईट वाटते. हालचाल टिपून सूचना पाठवण्याची सोयही तिथे निरुपयोगी ठरते, कारण हलणारी प्रत्येक झावळी तिला माणूस वाटते. बेड्यावर शेजाऱ्यांच्या विहिरीवरचा वावर दिसू लागला. तो आपल्या फोनवर येणे मला योग्य वाटले नाही.

वडील आजारी पडल्यावर मी कॅमेरा त्यांच्या खाटेवर रोखला. ते काहीच बोलले नाहीत. मात्र जरा बरे वाटताच ते दिवसभर माजघरातल्या, कॅमेऱ्यात न येणाऱ्या कोपऱ्यात बसू लागले, हे आईने मला दोन महिन्यांनी सांगितले. म्हणून जागा त्या दोघांनाच ठरवू द्या. आमच्याकडे पडवी आईने निवडली. उन्हाळ्यात टोरांटोचे घड्याळ भारताच्या ९.५ तास मागे असते, त्यामुळे इथे रात्रीचे ८.३० होतात तेव्हा तिथे सकाळचे ६ वाजलेले असतात. आई तुळशीला पाणी घालताना दिसली की मला पुढे काही पाहावे लागत नाही. त्या वेळी मी पाहत असतो हे तिलाही ठाऊक असते, आणि झाडाचा पहिला हापूस उतरवला की ती तो पायरीवरून मला उंच धरून दाखवते.

पावसाळ्यापूर्वी पडवीला झापांचा आडोसा बांधला जातो, तो चित्राच्या आड येणार नाही अशा बेताने जागा हेरा. काचेच्या आतून बाहेर पाहणारा कॅमेरा लावू नका; रात्री त्याचाच इन्फ्रारेड प्रकाश काचेवरून परततो आणि चित्र पांढरे होते. राउटर व कॅमेरा इन्व्हर्टरवर घ्या, पण विजा कडाडू लागल्या की दोन्हींचे प्लग काढायला सांगा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी चित्र दिसत नाही म्हणून जीव टांगणीला लागू नये, यासाठी वाडीतल्या दोन घरांचे फोन क्रमांक आजच जवळ ठेवा.

कॅमेऱ्याचे बटण आईच्या हाताला येईल अशा उंचीवर बसवा. आमच्याकडे पाहुणे आले की आई तो बंद करते, आणि परत सुरू करायचा राहिला तर दुसऱ्या दिवशी मी फोनवर आठवण करतो.