गोवंडीतून टोरांटोला: आउटरीचचं काम करणारीला माझं उत्तर

तू मला ताई म्हणालीस, म्हणून सरळ अगंतुगंच करते. सध्या तीन आठवड्यांसाठी आईकडे, कांजूरमार्गला आले आहे. काल गोवंडीच्या शिवाजीनगरला जुन्या मैत्रिणींना भेटून परत आले आणि रात्री तुझा प्रश्न पुन्हा वाचला. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी झाल्यावर पाच वर्षं तू एचआयव्हीच्या टीआय (जास्त जोखमीच्या गटांमध्ये प्रतिबंधाचं काम करणाऱ्या) प्रकल्पात ओआरडब्ल्यू, म्हणजे आउटरीच वर्कर आहेस, नवऱ्याबरोबर टोरांटोला जायचं घाटतंय, आणि तुला दोन गोष्टी हव्या आहेत. इथला अनुभव तिथे धरतात का, आणि वस्तीत फिरायची सवय असलेल्या माणसाचा तिथे जीव रमतो का. मी सात वर्षं शिवाजीनगर-बैंगनवाडीच्या वस्त्यांत हेच काम करून २०१८ साली टोरांटोला गेले, तेव्हा मला हे सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अनुभव धरतात, पण आपण स्वतःला जे म्हणवतो ते नाव तिथे लगेच लावता येत नाही. आपल्याकडे एमएसडब्ल्यू झालं की झालो सोशल वर्कर. डॉक्टर-वकिलांसारखी, वस्तीत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांची नोंदणी करणारी कायदेशीर परिषद भारतात नाही. ओंटारिओत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथे, १९९८ चा कायदा आहे. त्यानुसार ‘सोशल वर्कर’ आणि ‘सोशल सर्व्हिस वर्कर’ ही दोन्ही नावं फक्त तिथल्या कॉलेजकडे नोंदणी असलेल्यांनी लावायची. हे कॉलेज म्हणजे शिकायची जागा नव्हे, नोंदणी करणारी संस्था. मी पहिल्याच मुलाखतीत ‘मी सोशल वर्कर आहे’ असं म्हणून बसले. समोरच्या बाईंनी अगदी शांतपणे विचारलं, ‘रजिस्टर्ड का?’ त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले. टाटा किंवा निर्मला निकेतन या समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थांचं नाव आपल्याला इथे केवढं मोठं वाटतं, तिथे ते समोरच्याला माहीतच नसतं. यात आपला अपमान नाही, पण मनाची तयारी नसेल तर तो तसाच लागतो.

सुटकेची गोष्ट ही की ‘कम्युनिटी आउटरीच वर्कर’ या नावाला अशी अट नाही. ड्रॉप-इन सेंटर, शेल्टर, बेघर लोकांपर्यंत जाणारी पथकं, नव्याने आलेल्यांसाठीच्या सेटलमेंट संस्था, सगळीकडे ही पदं असतात. तू याच दारातून आत जा आणि नोंदणीची प्रक्रिया बाजूने चालू ठेव. एक घोळ मात्र टाळ. इमिग्रेशनसाठी पदवीचं जे मूल्यमापन डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून करतात ते वेगळं, आणि सोशल वर्कर म्हणून नोंदणीसाठी कॅनेडियन असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्सकडून होतं ते वेगळं. पहिलं झालं म्हणजे दुसरंही झालं असं मी वर्षभर धरून चालले होते.

आता कागदांचं. इथे खरा जीव जातो, म्हणून नीट वाच. एक्स्प्रेस एन्ट्री ही कॅनडात कायम राहायला जाण्यासाठीच्या अर्जांची पद्धत; तिच्यातल्या फेडरल स्किल्ड वर्कर या प्रकारासाठी किमान एक वर्षाचा सलग अनुभव लागतो, म्हणजे १,५६० तास. तोही गेल्या दहा वर्षांतला. आपलं काम तिथे ‘सोशल अँड कम्युनिटी सर्व्हिस वर्कर्स’ या गटात बसतं, संकेतांक ४२२०१. अनुभवाचं पत्र संस्थेच्या लेटरहेडवर हवं. त्यात पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि कामाचं वर्णन, सगळं हवं. आता आपल्या संस्थांची रीत आठव. पत्रात काय लिहितात? ‘त्यांनी आमच्या प्रकल्पात निष्ठेने काम केले, त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ या पत्राचा काडीचा उपयोग नाही. माझी पहिली तीन वर्षं मानधनावर गेली, तेही व्हाउचरवर सही करून रोख. प्रकल्प संपला, सही करणाऱ्या मॅडम गावी निघून गेल्या, ऑफिस दुसरीकडे गेलं. एका पत्रासाठी पाच महिने मी फोन करत होते, आणि ती तीन वर्षं शेवटी माझ्या अर्जात आलीच नाहीत. तू आज नोकरीत आहेस तोवरच पत्र घे. कामाचं वर्णन स्वतः लिहून दे: किती जणींच्या संपर्कात होतीस, किती पीअर एज्युकेटर (त्याच समूहातल्या, बाकीच्यांना माहिती देणाऱ्या बाया) तुझ्या हाताखाली होत्या, आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रात, किती जणींना नेलंस, संकटात काय केलंस, नोंदी कशा ठेवल्यास. मानधन बँकेत येत असेल तर स्टेटमेंट जपून ठेव. आणि दादर-अंधेरीतल्या एजंटकडे पैसे भरण्याआधी त्याच्याकडे कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजचा परवाना आहे का, ते बघ. पैसे घेऊन सल्ला देणारा परवानाधारक सल्लागार तरी हवा, नाहीतर वकील तरी.

पीअर एज्युकेटरचा मुद्दा बायोडेटात ठळक घाल. व्यसनातून गेलेल्या, रस्त्यावर राहिलेल्या माणसांना ‘पीअर वर्कर’ म्हणून सोबत घेऊनच तिथलं बरंच काम चालतं. ज्या बाईच्या आयुष्यावर जग बोट ठेवतं, तिलाच आपली सहकारी मानून तिच्याकडून शिकायचं, हे तू पाच वर्षं करत आलीस. तिथल्या मुलींना हे पुस्तकातून शिकवावं लागतं. हार्म रिडक्शन, म्हणजे व्यसन सुटलं नाही तरी त्याने होणारी हानी कमी करणं, हेही तुला नवं वाटणार नाही. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांना स्वच्छ सुई-सिरिंज देण्याच्या कार्यक्रमाची ओळख टीआयमध्ये झालेलीच असते. तिथे फेंटानिल या जहाल अमली पदार्थाने माणसं दगावतात, म्हणून बॅगेत त्यावर उतारा असलेल्या नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे कायम असतो आणि तो वापरायचं प्रशिक्षण पहिल्याच आठवड्यात होतं. मला तो पहिल्यांदा वापरावा लागला एका पार्किंगच्या जिन्यात. माणूस निळा पडला होता. तो श्वास घेऊ लागला तेव्हा माझे हात थरथरत होते, आणि मला सेवरीच्या टीबी हॉस्पिटलात एका मुलाच्या उशाशी बसले होते ती रात्र आठवली.

काम रमण्यासारखं आहे का? आहे. पण त्यातलं एक काही सोडावं लागतं, आणि त्याबद्दल मला कुणीच सावध केलं नव्हतं. तिथे तू कुणाचीही ताई नसतेस.

गोवंडीत आपण काय करतो? दाराशी जाऊन हाक मारतो, चप्पल काढून आत बसतो, चहा घेतो. सुनेचं ऐकतो, मग सासूचं ऐकतो. कुपोषण तपासायला बाळाच्या दंडाला मापाची पट्टी लावून बघतो आणि रंग लाल आला तर तसेच उठून आईसकट सायन हॉस्पिटलला घेऊन जातो. रात्री अकराला फोन आला तरी उचलतो. तिथे दारात उभं राहून आधी विचारायचं, ‘आत्ता बोलायला बरं आहे का?’ नाही म्हणाला तर परत फिरायचं. माहिती घेण्याआधी लेखी संमती. स्वतःचा नंबर द्यायचा नाही, ऑफिसचा फोन शिफ्ट संपली की बंद. त्याच दिवशी केस नोट लिहायची, आणि तीही अशी की उद्या त्या माणसाने फाइल मागून वाचली तरी त्याला खाली बघावं लागू नये. सुरुवातीला मला हे सगळं कोरडं वाटायचं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तीन महिने रोज माझ्याकडून गरम कॉफी घेतली आणि नाव सांगितलं नाही. मी सुपरवायझरना म्हटलं, माझ्याच्याने होत नाही. त्या म्हणाल्या, त्यांना नाही म्हणता येतंय ना, मग चाललंय ते बरोबर आहे. चौथ्या महिन्यात त्यांनी स्वतःहून नाव सांगितलं. त्यानंतर बैंगनवाडीतली कितीतरी घरं आठवली, जिथे मी न विचारता आत शिरले होते. ती माणसं मला नाही म्हणू शकत नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मुलांच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे. सोळा वर्षांखालच्या मुलाला इजा होतेय किंवा होण्याचा धोका आहे असा रास्त संशय आला की चिल्ड्रेन्स एड सोसायटीला, म्हणजे तिथल्या बालसंरक्षण संस्थेला, ताबडतोब कळवायचं, आणि ज्याला संशय आला त्यानेच स्वतः. ‘मी मॅडमना सांगितलंय’ हे चालत नाही. पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, आपल्याकडेही कळवणं बंधनकारक आहे, पण आपण मामाला बोलवा, महिला मंडळाच्या बाईंना मध्ये घाला, असं करत बसतो, हे तूही पाहिलं असशील. तिथे तसा वेळ काढता येत नाही.

आणि हे डोळे उघडे ठेवून जा की श्रीमंत देशातही तुझ्या हातात द्यायला फार काही नसतं. ओंटारिओ वर्क्स या सरकारी मदतीवर एकट्या माणसाला महिन्याला जास्तीत जास्त ७३३ डॉलर मिळतात, भाड्यासकट. मी टोरांटोच्या स्कारबरो भागात बेसमेंटमधल्या एका खोलीचे ९५० देत होते. मग सांग, त्या माणसाला घर कुठून शोधून द्यायचं? फॉर्म भरायचे, यादीत नाव घालायचं, थांबायचं. गोवंडीच्या एम-पूर्व वॉर्डात रेशनकार्डासाठी बाईबरोबर रांगेत उभं राहणं आणि हे, दोन्हीची दमणूक एकाच जातीची आहे.

पगाराबद्दल विचारलंस. माझं पहिलं काम रिलीफ शिफ्टचं होतं, म्हणजे कुणी रजेवर गेलं की मला फोन. तासाला बावीस डॉलर होते, पण आठवड्याला कधी तीसच्या वर तास मिळायचे, कधी आठच. कायम पदाला दोन वर्षं लागली. अनुदानावरचे प्रकल्प तिथेही मार्चअखेर धडधड वाढवतात. तुझा नवरा आयटीत आहे, त्यामुळे पहिलं वर्ष निभेल. मी एकटी होते.

थंडीची फार धास्ती घेऊ नकोस, बूट मात्र चांगले घे, आणि तेही तिथेच. गाडी चालवायला इथूनच शीक, बऱ्याच जाहिरातींत लायसन्स मागतात. मुलांबरोबर किंवा असुरक्षित माणसांबरोबर काम करायचं तर तिथल्या पोलिसांची ‘व्हल्नरेबल सेक्टर चेक’ लागते, ती संस्थेने बोलावल्यावर करायची. इथून पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स लागतं ते इमिग्रेशनसाठी. बायोडेटात फोटो, जन्मतारीख, लग्न झालंय का, यातलं काहीही घालू नकोस.

शेवटची गोष्ट तू विचारली नाहीस, पण मीच सांगते. मी गेले तेव्हा माझ्या यादीत चाळीस घरं होती. शेवटच्या महिन्यात व्हिसा, सामान, निरोप यात अडकले आणि नव्या मुलीच्या हातात फक्त रजिस्टर देऊन निघाले. काल त्यातल्या एका घरी गेले. मुलगी आता दहावीत आहे. तिची आई म्हणाली, ‘तुम्ही गेल्याचं आम्हाला तीन महिन्यांनी कळलं, तोवर मी दर मंगळवारी वाट बघायचे.’ तू तसं करू नकोस. तिकीट काढण्याआधी दोन महिने राखून ठेव, जी येईल तिला घेऊन प्रत्येकीकडे जा, आणि तुझ्यासमोर त्या दोघींना एकमेकींशी बोलू दे. एचआयव्हीच्या कामात तर एकेकीने तुझ्यावर विश्वास टाकायला वर्ष घेतलं असेल. पुढच्या मंगळवारपर्यंत मी मुंबईत आहे. पत्राचा मसुदा लिहिलास तर पाठव, मी बघून देते.