ऑपेराचा चित्रपट : रूपांतर की माध्यमांतर?

प्रश्न : 'कार्मेन'सारख्या ऑपेरावर चित्रपट काढला तर त्याला 'रूपांतर' म्हणावे की 'माध्यमांतर'? आणि त्यातला गायक आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवतो, ते 'पार्श्वगायन' ठरते का?

आधी स्वरलेखन, म्हणजे ऑपेराची लिहिलेली सुरावट, तपासावे. 'कार्मेन'चा संगीतकार बिझे याचे सूर आणि मूळ फ्रेंच शब्द कायम ठेवून दिग्दर्शक फ्रांचेस्को रोझी यांनी 1984 साली प्रदर्शित झालेला 'कार्मेन' स्पेनमधल्या अंदालुसियात चित्रित केला. बदलले ते फक्त माध्यम, म्हणून ते माध्यमांतर. 1954 चा 'कार्मेन जोन्स' मात्र सूर बिझेचेच घेतो, पण शब्द इंग्रजी, पात्रे अमेरिकेतली कृष्णवर्णीय आणि काळ दुसऱ्या महायुद्धाचा. हे सरळ रूपांतर. रंगमंचावरचा प्रयोग कॅमेऱ्यांनी टिपला असेल, तर या दोन्ही शब्दांची गरज नाही; 'प्रयोगाचे चित्रीकरण' पुरे.

माध्यमांतरातही काटछाट होते. दिग्दर्शक झेफिरेल्ली यांच्या 1986 च्या 'ओतेल्लो' या ऑपेरा-चित्रपटात नायिका देस्देमोनाचे विलोगीतच (विलो झाडाचे शोकगीत) गाळले आहे. तेवढ्याने रूपांतर होत नाही, 'संक्षिप्त' हे विशेषण लावावे.

दुसरा प्रश्न जास्त रंजक आहे. ऑपेराच्या चित्रपटात सहसा ध्वनिमुद्रण आधी होते आणि चित्रीकरण नंतर. त्यामुळे लय आणि विराम चित्रीकरणापूर्वीच ठरून जातात. दिग्दर्शकाला एखादी नजर दोन सेकंद लांबवता येत नाही, दृश्यच संगीताच्या मापाने कापावे लागते. नुसते ओठ हलवले तर फसगत होते : उंच स्वराला गळ्याची शीर ताणत नाही, श्वासाने छाती भरत नाही आणि समीपदृश्यात ते लगेच उघडे पडते. म्हणून चित्रीकरणाच्या वेळीही मोठ्याने गाणे चांगले. पण आवाज त्याच गायकाचा असेल, तर याला 'पार्श्वगायन' म्हणू नये. मराठीत त्या शब्दाला 'दुसऱ्याचा आवाज' हा अर्थ चिकटला आहे. 'पूर्वमुद्रित गायन' म्हणावे. 'कार्मेन जोन्स'मध्ये नायिका झालेल्या डोरोथी डँड्रिजसाठी गायिका मॅरिलिन हॉर्न गायल्या, ते खरे पार्श्वगायन. आणि 'तोस्का' या ऑपेराच्या 1992 च्या दूरचित्रवाणी प्रयोगात गायक रोममधल्या कथेतल्याच जागी, कथेतल्याच वेळी गात होते, वाद्यवृंद दुसरीकडे होता आणि सगळे थेट प्रक्षेपित होत होते. तिथे यांतला एकही शब्द लागू नाही.

ऑपेराला 'संगीत नाटक' म्हणण्याचा मोह होतो, तो आवरावा. संगीत नाटकात संवाद बोलले जातात आणि मध्ये पदे येतात; ऑपेरात बहुधा संवादही गायले जातात. गंमत अशी, की 1875 चा मूळ 'कार्मेन' बोलक्या संवादांचाच होता. ते गायनात बसवले संगीतकार एर्नेस्त गिरो यांनी, तेही बिझेच्या मृत्यूनंतर. रोझी यांच्या चित्रपटात मात्र संवाद बोललेलेच आहेत. 'संगीतिका' हा शब्द चालेल, पण मराठीत तो छोट्या गेय नाटुकल्यांनाही वापरतात. तीन-चार तासांच्या कलाकृतीसाठी मी 'ऑपेरा' असेच लिहीन.