जर्मनीत सिंथेसिस: थेट नोकरी की पीएचडी? सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. पुणे विद्यापीठातून ऑरगॅनिकमधे एमएस्सी, हिंजवडीला साडेतीन वर्षं सीआरओत (इतर कंपन्यांसाठी कंत्राटावर संशोधन करणारी कंपनी) सिंथेसिस, म्हणजे लॅबमधे कंपाउंड बनवायचं काम, नेट-जेआरएफ (भारतात पीएचडीसाठी सरकारी फेलोशिप देणारी परीक्षा) निघालंय, नवरा आयटीत, वय २८, आणि जर्मनीत थेट जॉब शोधू की पीएचडी करू हे कळत नाहीये. वयानं लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते. मी इचलकरंजीची, एमएस्सी कोल्हापूरला, मग चार वर्षं तुझ्यासारखीच सीआरओत होते, २०१४ ला इकडे जर्मनीत पीएचडीला आले आणि आता वुपर्टालला राहते. काम अजूनही तेच, औषध होऊ शकतील अशी कंपाउंड बनवायची.

थेट जॉबचा विचार सोडून दे. तुझ्या हाताला कौशल्य नाही असं अजिबात नाही, खरं कारण इथल्या लॅबची रचना हे आहे. इथे हुडसमोर (विषारी वाफा ओढून घेणारं कामाचं कपाट) रोज उभं राहून रिअॅक्शन लावणारा माणूस बहुतेक वेळा लाबोराँट असतो, म्हणजे दहावी-बारावीनंतर साडेतीन वर्षांचं रीतसर प्रशिक्षण कंपनीत आणि शाळेत मिळून घेतलेला, आणि ही माणसं इतकी तयार असतात की पहिल्या वर्षी मी त्यांच्याकडूनच शिकत होते. त्यांच्यावर लॅब चालवणारा पीएचडीवाला. मधे एमएस्सीला जागा फार कमी, कारण इथली केमिस्ट्रीची बहुतेक मुलं मास्टर्सवर थांबतच नाहीत, पीएचडी करूनच बाहेर पडतात. आपल्याकडे सीआरओत एमएस्सीच्या जोरावर अख्खं करिअर होतं ना, ती पायरीच इथे जवळजवळ नाही. मी स्वतः दीड वर्ष थेट नोकरीचे अर्ज करत बसले होते, एकाचंही मुलाखतीचं बोलावणं आलं नाही आणि ते दीड वर्ष अजून सलतं, म्हणून एवढं ठामपणे सांगतेय.

आता खरा मुद्दा. पीएचडी कशासाठी करायची हे स्वतःशी पक्कं कर, कारण त्यावरून ग्रुप, म्हणजे कुठल्या प्राध्यापकाची संशोधन टीम, ते ठरतं. सीआरओत आपण काय करतो, क्लायंटकडून स्ट्रक्चर येतं, आपण रूट (बनवायच्या पायऱ्यांचा क्रम) काढतो, स्केल करतो, कॉलम मारतो (मिश्रणातून हवं ते वेगळं काढतो), एचपीएलसी चाचणीत प्युरिटी ९५ टक्क्यांच्या वर आली की पॅक करून पाठवतो, आणि ते कंपाउंड कशावर चाललं, चाललं की नाही, आपल्याला कधीच कळत नाही. मी चार वर्षांत तीनशेच्या वर फायनल कंपाउंड पाठवली असतील आणि एकाचाही आयसी-५० (परिणाम निम्मा रोखायला लागणारी मात्रा) मला माहीत नाही. पुढचं कंपाउंड कुठलं बनवायचं हे जो ठरवतो तो मेडिसिनल केमिस्ट, आपण फक्त हात. तुला तो ठरवणारा माणूस व्हायचं असेल तरच ये, आणि मग असाच ग्रुप शोध जिथे बायोलॉजीचा डेटा त्याच आठवड्यात तुझ्या टेबलावर येतो.

हे का म्हणते त्यासाठी एक जुनी गोष्ट, मी राहते त्याच गावातली. वुपर्टालच्या एल्बरफेल्ड भागात बायरच्या लॅबमधे १९३२ साली योझेफ क्लारर आणि फ्रिट्झ मीट्श या दोन केमिस्टनी एक लाल अॅझो डाय (कृत्रिम रंगाचा एक प्रकार) बनवला, गेरहार्ड डोमाक यांनी तो स्ट्रेप्टोकोकस दिलेल्या उंदरांवर तपासला आणि उंदीर वाचले. तेच प्रोंटोसिल, पहिलं सल्फा औषध. पुढे १९३९ चं नोबेल एकट्या डोमाकना मिळालं, बनवणाऱ्यांना नाही. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. परीक्षानळीत प्रोंटोसिल जंतूंना काहीच करत नव्हतं, फक्त शरीरात चालत होतं. १९३५ ला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधे कारण सापडलं, शरीरात तो डाय तुटतो आणि त्यातला रंगहीन तुकडा, सल्फानिलामाइड, तोच खरा काम करतो. म्हणजे तुकडे जोडणारा अॅझो बाँड आणि रंगाचा भाग हा सगळा औषधाच्या दृष्टीनं फक्त ओझं होता. आपण बनवलेल्या वस्तूचं शरीरात काय होतं हे बनवणाऱ्याला कळलं नाही तर तो डाय सुधारत बसतो. त्याच गावात बायरच्याच लॅबमधून रिव्हारोक्साबान आलं, २००८ ला मान्यता मिळाली, आज भारतातही रक्त पातळ करायला देतात. शंभर वर्षं हे काम एकाच खोऱ्यात चालू आहे, रोज त्या बाजूनं जाताना मला अजून भरून येतं.

ग्रुप शोधताना दोन प्रकार लक्षात ठेव. एक, मेथड बनवणारे, म्हणजे नवीन कॅटॅलिस्ट, नवीन रिअॅक्शन. म्युल्हाइमला बेन्यामिन लिस्ट आहेत, २०२१ चं नोबेल, तो ग्रुप त्यातला. दोन, कंपाउंड आणि त्याचा परिणाम असं दोन्ही एकत्र करणारे. डॉर्टमुंडला आण्विक शरीरक्रियाशास्त्राची माक्स प्लांक संस्था आहे, हर्बर्ट वाल्डमान यांनी तिथे नॅचरल प्रॉडक्टच्या सांगाड्यांवरून कंपाउंडचे संग्रह बनवायचे आणि पेशींवर तपासायचे हे अनेक वर्षं केलंय. झारब्र्युकनला हेल्महोल्ट्झ या संशोधन संघटनेची औषध संशोधन संस्था आहे, मातीतल्या मिक्सोबॅक्टेरिया या जिवाणूंमधून नवीन अँटिबायोटिक शोधायचं त्यांचं काम. एपोथिलोन हे कर्करोगाच्या पेशींवर चालणारं द्रव्य असंच एका मिक्सोबॅक्टेरियमपासून ब्राउनश्वाइगला सापडलं. टोटल सिंथेसिसचे (निसर्गातला गुंतागुंतीचा रेणू साध्या रसायनांपासून पूर्ण बनवणारे) ग्रुपही बघ, ते शिक्षण कुठेच वाया जात नाही. बारा पायऱ्यांचा सरळ रूट, प्रत्येक पायरीला ८० टक्के यिल्ड (हाती येणारा माल) धरलं तरी शेवटी ७ टक्केही हातात राहत नाही, हे अंगावर घेतलेल्या माणसाला रूट कुठे मोडायचा आणि दोन तुकडे वेगळे बनवून कुठे जोडायचे हे आपोआप दिसायला लागतं, कंपन्या मुलाखतीत तेच बघतात.

ग्रुपना मेल लिहिताना तुझी मोठी अडचण येणार ती गोपनीयतेची. सीआरओतलं एकही स्ट्रक्चर दाखवू नकोस, अगदी झाकून-पुसून सुद्धा नको. त्याऐवजी लिही की किती कंपाउंड, किती स्केलवर, कुठल्या प्रकारच्या रिअॅक्शन, हवा-पाणी चालत नाही अशा किती केल्या, हवेत पेट घेऊ शकणारं ब्युटाइललिथियम स्वतः हाताळलंय का, रूट अडकला तेव्हा तू काय बदललंस. मुलाखतीत स्वतःच्या कामावर वीस मिनिटं बोलायला सांगतात, मी एमएस्सीचा प्रोजेक्ट मांडला होता आणि त्यातली एक न जमलेली रिअॅक्शन मेकॅनिझमसकट समजावली, पुढचा पाऊण तास प्रश्न सगळे तिच्यावरच. पेपर नाहीत म्हणून घाबरू नकोस.

पैसे आणि कागद. करार बहुतेक टीव्ही-एल ई-१३ या (राज्य सरकारी नोकऱ्यांच्या) वेतनश्रेणीत, पण अर्धा किंवा दोन तृतीयांश. काम पूर्ण दिवसाचंच असतं, पगार तेवढ्या टक्क्यांचा, हातात दीड ते दोन हजार युरोच्या आसपास येतात. एकटीला पुरतात, दोघांना ओढाताण होते. ऑफर आली की लगेच विचार, किती टक्के, किती वर्षं, पैसा विद्यापीठाचा की प्रोजेक्टचा. आणि परमिट कुठलं मिळणार, विद्यार्थ्याचं की संशोधकाचं, हेही. संशोधकाचं असेल तर नवऱ्याला यायला आधी जर्मनची परीक्षा लागत नाही, आणि आल्यावर त्याला नोकरी करता येते. पीएचडीनंतर ब्लू कार्डला (उच्चशिक्षित परदेशी लोकांचं कामाचं परमिट) केमिस्टसाठी पगाराची अट कमी आहे, २०२५ साली ती वर्षाला ४३,७५९.८० युरो होती, ती दर वर्षी बदलते.

आता एक गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती आणि तू मुलाबाळाचं विचारलं नाहीस तरी सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. सातव्या आठवड्यात गाइडला सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून हुड बंद. इथे गरोदर बाईला घातक रसायनांजवळ काम करू देत नाहीत, कायदाच आहे, पगार पूर्ण चालू राहतो, बाळंतपणाआधी सहा आणि नंतर आठ आठवडे रजा वेगळी, आणि २०१८ पासून विद्यार्थिनींनाही तो कायदा लागू आहे. पुण्यात असताना माझी एक मैत्रीण सहाव्या महिन्यापर्यंत डीसीएम या घातक द्रावकाचे कॉलम मारत होती, तेही हुडच्या बाहेर, कारण सांगितलं तर प्रोजेक्ट जाईल ही भीती. त्यामुळे इथला कायदा किती मोलाचा आहे हे मला कळतं. पण अर्धी पीएचडी हातानं करायची असताना सात-आठ महिने हात थांबले की काय होतं तेही कळतं. मी त्या काळात डॉकिंग (रेणू प्रथिनात कसा बसेल ते संगणकावर बघणं) शिकले, डेटा लिहून काढला, माझी कंपाउंड एक सहकारी बनवत होता. करार प्रोजेक्टच्या पैशावर होता त्यामुळे आपोआप वाढला नाही, गाइडनी धडपड करून सहा महिने मिळवून दिले. म्हणून वर म्हटलं की पैसा कुठला ते आधी विचार. विद्यापीठाच्या स्वतःच्या पैशावरच्या करारात रजेचा काळ सहसा पुढे जोडून मिळतो.

भाषा: ग्रुपमधे इंग्रजी चालतं, कंपनीत नाही. लाबोराँटशी बोलणं, सुरक्षेची सूचना, कामगार परिषदेची बैठक, सगळं जर्मन. तू पुण्यातच आहेस तर बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवनात आत्ताच नाव घाल, निदान बी-१ (भाषेची मधली पातळी) तिथून करून ये. मी इथे येऊन रात्री नऊला लॅबमधून परत आल्यावर शिकले, फार जड गेलं. आणि पीएचडी संपल्यावर सगळं सुरळीत होतं असंही समजू नकोस, माझ्या पहिल्या कंपनीत चौथ्या महिन्यात केमिस्ट्रीचा विभागच बंद केला, प्रोबेशनमधे दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवता येतं. नंतर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक काळाचं संशोधन) करावा लागला, मग आत्ताची नोकरी. जर्मन येत असल्यामुळेच ती मिळाली.

जेआरएफचं काय, तर तोही रस्ता खरा आहे. महिना ३७ हजार मिळतात, पुण्यात एनसीएलसारखी (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) जागा घराजवळ आहे, नवऱ्याची नोकरी हलत नाही. तिथून चांगली पीएचडी करून जर्मनीतल्या हुम्बोल्ट फाउंडेशनची पोस्टडॉक फेलोशिप घेऊन आलेले दोघं माझ्या ओळखीत आहेत आणि आज दोघंही इथे कंपनीत लॅब चालवतात. नवरा यायला खरंच तयार नसेल तर मी हेच करायला सांगेन. तयार असेल तर मार्चच्या आत दहा ग्रुपना वेगवेगळी मेल लिही, प्रत्येकात त्यांच्या एका पेपरवर दोन ओळी, त्यात पुढचं कंपाउंड तू कुठलं बनवलं असतंस ते.

वयाचं म्हणशील तर मी सुरू केलं तेव्हा २९ ची होते. ग्रुपमधली बाकीची मुलं २५-२६ ची. मुलाखतीत कुणी विचारलं नाही. सीआरओच्या चार वर्षांमुळे पहिल्या महिन्यात माझी आठ कंपाउंड तपासायला गेली होती, शेजारच्या हुडवाल्याचं एक. नवऱ्याशी बोलून घे आणि मेलचा मसुदा झाला की मला पाठव, पण स्ट्रक्चर न घालता.