आशा सुटली, असं लूकही लिहितो

प्रश्न : सिस्टर, आम्ही उत्तनच्या किनाऱ्यावर राहतो. पावसाळा संपता संपता मिस्टरांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. होडी दोन हंगाम तोट्यात, वर सोसायटीचं कर्ज. माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेचे बुधवार केले, जपमाळ रोज चालू आहे, फरक नाही. एका प्रार्थनासभेत सांगितलं, ‘तुमची श्रद्धा कमी पडते, घरातलं कुणाचं तरी पाप आड येतंय, देणगी द्या आणि गोळ्या बंद करा.’ आता प्रार्थनेला बसले की रागच येतो. मुलगा चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला यायचा बंद झालाय. माझी श्रद्धा संपली का?

उत्तर : ताई, आधी गोळ्यांचं बोलू. बंद केल्या असतील तर आजच डॉक्टरांना गाठा आणि त्यांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू करा. मी सिस्टर, म्हणजे धर्मभगिनी, आहे तशी नर्सही आहे, रक्तदाबाची गोळी सोडल्यावर दुसरा झटका येऊन दाखल झालेली माणसं मी वॉर्डात सांभाळली आहेत. देणगी म्हणाल तर एक रुपया देऊ नका. प्रभूने कुणाला बरं करण्याआधी पैसे घेतले, असं चारही शुभवर्तमानांत कुठे नाही. पापाचं तर त्याने स्वतःच उत्तर देऊन ठेवलंय. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी विचारलं, पाप याचं की याच्या आईबापांचं? प्रभू म्हणाला, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. योहानाचं शुभवर्तमान, अध्याय 9. पुन्हा कुणी तो विषय काढला तर पान उघडून समोर धरा.

आता श्रद्धेचं. तुम्ही दर्यावरची माणसं, म्हणून बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय 27 वाचायला सांगते. मिस्टरांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचा. त्यातलं जहाज त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल. प्रेषित पौल कैदी म्हणून रोमला निघालाय, जहाजावर 276 माणसं. वादळ असं की कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. माल समुद्रात टाकला, जहाजाचं सामानही टाकलं. तिथे लूक लिहितो की आम्ही वाचू ही आशाच शेवटी सुटली. ‘त्यांची’ सुटली असं तो लिहीत नाही, स्वतःला त्यात धरतो. ज्याने शुभवर्तमान लिहिलं आणि ज्याच्या शेजारी साक्षात पौल बसलाय, त्याची ही गत. लूकची श्रद्धा कमी पडली, असं दोन हजार वर्षांत मी तरी कुणाकडून ऐकलेलं नाही!

चौदाव्या रात्री खलाशी पाण्याचा ठाव घेतात. वीस वाव. थोडं पुढे गेल्यावर पंधरा वाव. खडकावर आपटू या भीतीने वरामावरून, म्हणजे जहाजाच्या मागच्या टोकावरून, चार नांगर सोडतात आणि उजाडायची वाट बघतात. नांगराने वादळ थांबत नाही, हे तुमच्या घरात सांगायला नको. (रोमच्या भुयारी दफनभूमीत पहिल्या ख्रिस्ती लोकांनी कबरींवर नांगर कोरलेत. 2025 च्या ज्युबिलीचं बोधचिन्ह चर्चमध्ये पाहिलं असेल, त्यातल्या क्रुसाचं खालचं टोकही नांगराचंच आहे.) उजाडता उजाडता पौल काय करतो? कुणाची श्रद्धा किती, हे विचारत नाही. चौदा दिवस पोटात काही नाही, आधी जेवा, म्हणतो. भाकर घेतो, सगळ्यांदेखत देवाचे आभार मानतो, मोडतो आणि स्वतः खायला लागतो. तेव्हा बाकीच्यांना धीर येतो. ताई, तुम्ही दुपारी वेळेवर जेवता का? हे मी खरंच विचारतेय.

पुढे 276 च्या 276 किनाऱ्याला लागतात, कुणी पोहत, कुणी फळीवर. जहाज मात्र फुटतं, तेही सांगते. तुमची होडी राहीलच, असं वचन मी देऊ शकत नाही, आणि जो देईल त्याच्यापासून जपा. सोसायटीचा माणूस दारात यायच्या आधी तुम्हीच जा, डॉक्टरांचे कागद दाखवा आणि हप्ते पुढे ढकलून मागा.

राग येतो तर रागातच प्रार्थना करा. बायबलमधलं स्तोत्र 13 काढा. पहिल्या दोन ओळींतच स्तोत्रकर्ता देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी साधं सांत्वनही नाही. तेच आम्ही दर शुक्रवारी रात्री झोपण्याआधीच्या प्रार्थनेत म्हणतो.

आणि एकटीने उचलू नका. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघे जण छप्पर उसकटून खाली सोडतात. प्रभूने ‘त्यांची’ श्रद्धा पाहिली, असं तिथे आहे. खाटेवरच्याच्या मनात काय होतं, ते मार्क लिहीतच नाही. तुमचे चौघे शोधा. तुमच्या चर्चच्या धर्मग्रामात गरजूंना मदत करणारी व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असेल तर त्यांना कळवा. महिनाभर जपमाळ शेजारणीने म्हणावी, तुम्ही नुसतं बसा. फादरांना रुग्णाभ्यंगासाठी, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्यासाठी, बोलवा. अजूनही तेलाची बाटली घेऊन फादर दारात दिसले की लोक रडायला लागतात, पण तो संस्कार आजाऱ्यांसाठी आहे, फक्त मरणाऱ्यांसाठी नाही.

मुलाला मिस्साला ओढू नका, बापाचा हात त्याच्याकडे सोपवा. फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेऊ दे. मुठीत वळलेली बोटं हिसका न देता हळूहळू उलगडायची, मग मनगट. उठवताना उजवा हात धरून कधीही ओढायचं नाही, खांदा सरकतो. पहिल्या काही महिन्यांत फरक सगळ्यात जास्त पडतो, म्हणून व्यायाम चुकवू नका. मिस्साचं तो त्याचं बघेल.

प्रश्न : मी मालवणची. आई अंथरुणावर आहे, तिचं सगळं मीच करते. दोन भाऊ गावातच आहेत. रात्री जपमाळेच्या दुसऱ्या रहस्यालाच, म्हणजे दुसऱ्या टप्प्यालाच, डोळा लागतो. हे पाप आहे का?

उत्तर : नाही. लिझ्यूची संत तेरेजासुद्धा मठात प्रार्थनेला बसली की झोपायची, आणि तिने ते लिहूनही ठेवलंय. लेकरू झोपलेलं असो की जागं, आईबापांना तेवढंच लाडकं, असं ती म्हणते. एकच रहस्य म्हणा, तेही दिवसा, आईजवळ बसून. शनिवार-रविवारची रात्र भावांना वाटून द्या.