जनुकं बदलणाऱ्या परग्रहाच्या स्त्रीवादी विज्ञानकथा खेड्यातल्या मराठी बाईला आपल्या वाटतील का? सुरुवात कुठून करावी?

वाटतात! मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली, कापसाच्या घरातली. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण "बायाइले बियाण्यातलं काय समजते" हे मी माझ्याच घरात ऐकलंय.

2009 चा जून, मी अकरावीत. दादाने कृषी केंद्रातून बीटीच्या, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीच्या बियाण्याच्या, चार बॅगा आणल्या, 450 ग्रॅमवाल्या, आणि प्रत्येकीसोबत साध्या कपाशीची 120 ग्रॅमची छोटी पुडी. सरकी टोबायला आई आणि शेजारच्या तिघी, दादा धुऱ्यावर उभा. आईनं पुडी हातात घेऊन विचारलं, "हे कुठं लावाची?" दादा म्हणे, "फेक, तिले अळी लागते." मी वाचून दाखवलं की वावराच्या चारी बाजूंनी लावायची आहे, तशी आई लगेच म्हणाली, "म्हणजे अळीचा वाटा व्हय." असं काही त्यावर लिहिलेलं नव्हतं बरं, तिनंच ताडलं. पण दादानं चारही पुड्या नालीत फेकल्या आणि वरचं वाक्य बोलला, त्या तिघींसमोर. आई खाली मान घालून टोबत राहिली.

तिचं शंभर टक्के बरोबर होतं. साध्या कपाशीवर बीटीनं मरणाऱ्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग बीटी पचवलेल्यांशी जुळतात, म्हणून अख्खी पिढी एकदम बीटी पचवणारी निघत नाही. 2017 ला बीटी पचवणारी गुलाबी बोंडअळी आली तेव्हा पऱ्हाटी वरून हिरवीगार आणि बोंड फोडलं की आत अळी, कापूस चिकटलेला, नुसती कवडी. वेचणी किलोवर असते, कवडी काढता काढता बोटं सोलून निघतात आणि वजन काही भरत नाही. म्हणजे पुडी फेकली माणसानं आणि मजुरी कापली गेली बायांची.

आता पुस्तक. जोन स्लोंचेव्स्की यांची 'अ डोअर इनटू ओशन', 1986 ची, लेखन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचं. शोरा नावाचं जग, सगळं पाणीच पाणी, तिथं फक्त बाया राहतात, पाण्यावरच्या जिवंत तराफ्यांवर. सजीवांची घडण बदलायची विद्या त्यांच्या हातात आहे, पण त्रास देणारा जीवसुद्धा मुळासकट संपवायचा नाही, कारण त्यानं बाकीच्यांचा तोल जातो. मग बाहेरून व्यापारी येतात, मागून सैन्य येतं, आणि या बाया हत्यार न उचलता त्यांना तोंड देतात. त्यांच्या भाषेत एकानं दुसऱ्याला काही करणं असं नसतंच, सगळं वाटून घेणं. त्या पानावर मला आईचा "वाटा" आठवला, पुस्तक खाली ठेवून मी रडले.

कोणी म्हणतं हे शिकलेल्या शहरी बायकांचं वाचन, तर मला ते अजिबात पटत नाही. बियाणं दुसऱ्याच्या हातात गेलं की काय होतं हे आमच्याकडच्या बाईला कोणी शिकवायची गरज नाही. फक्त पुस्तक इंग्रजीत आहे, संथ आहे, सुरुवातीला नावं डोक्यात बसत नाहीत, तेव्हा घाईत वाचू नका. आणि यावरून बीटी वाईटच असा अर्थ काढू नका, पहिली काही वर्षं आमच्या फवारण्या खरंच कमी झाल्या होत्या.

दादा अजून म्हणतो, आपल्या एका वावरानं काय फरक पडला असता. नसताच पडला, गावानं लावायला पाहिजे होतं. पण दादा, तू निदान त्या तिघींसमोर तरी तसं बोलायचं नव्हतं. त्यातल्या दोघींकडे स्वतःचं वावर होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीही आपापल्या पुड्या फेकल्या.