स्टुटगार्टला निघालात, पण मावशी तिथे येणार नाहीत

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून जर्मनीतल्या स्टुटगार्टला जायचंय, नवऱ्याची नोकरी पक्की, तुमची तिथे गेल्यावर शोधायची, मुलगी यंदा तिसरीत, घरकामाला मावशी मिळतात का? व्हिसा-विम्याचं सगळीकडे लिहिलेलं आहे, ते सोडून देते. मावशींबद्दल मात्र गप्प बसवत नाही.

मिळतात. बहुतेक घरांत आठवड्याला दोन-तीन तास, आणि ते साफसफाईला. २०२६ मध्ये किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे, शिवाय 'मिनीजॉब', म्हणजे थोड्या पगाराची छोटी नोकरी, म्हणून नोंदणी करायची. त्या खर्चाचे २० टक्के, वर्षाला कमाल ५१० युरो, करातून वजा होतात. पोळ्या, भांडी, कपडे घरच्यांवरच.

वाटणी फसते ती "मी मदत करीन" या वाक्यापाशी. मदत करणारा सांगितलं की उठतो. लक्षात ठेवण्याचं काम दुसऱ्याच्याच डोक्यात राहतं. म्हणून काम अख्खं द्या. कचरा ज्याचा, त्यानेच कोणता डबा कोणत्या दिवशी ते कॅलेंडर बघायचं, ओला कचरा प्लॅस्टिकऐवजी वर्तमानपत्रात गुंडाळायचा, पांढऱ्या, तपकिरी, हिरव्या काचा वेगळ्या करून कोपऱ्यावरच्या टाक्यांत टाकायच्या (निळी बाटली हिरव्यात, आणि रविवारी अजिबात नाही). किराणा ज्याचा, त्याने शनिवारी आटपायचा. रविवारी दुकानं बंद, कोथिंबीर राहिली तर राहिली.

स्टुटगार्टची खास भानगड म्हणजे केरवोखे, जिन्याची पाळी. दारावर पाटी लटकली की खालच्या मजल्यापर्यंतचा जिना त्या आठवड्यात तुमचा; मोठी पाळी असेल तर तळघर आणि फुटपाथही. शहराचा नियम १९८८ मध्ये गेला, भाडेकरारातला राहिला. बर्फ पडला तर कामाच्या दिवशी सकाळी सातपर्यंत फुटपाथ मोकळा हवा. ही पाळी दिवसा घरी असणाऱ्याच्या गळ्यात पडते आणि तिथेच चिकटते. पहिल्याच महिन्यात नवऱ्याकडे द्या.

मुलीला डिशवॉशर रिकामा करणं आणि अनामतीच्या बाटल्या परत करणं जमेल. एकदाच वापरायच्या बाटलीला किंवा कॅनला २५ सेंट सुटतात. ते तिलाच ठेवू द्या. घरात राहणाऱ्या मुलांनी झेपेल तेवढं काम करावं, असं जर्मन नागरी कायद्यात १६१९ व्या कलमात चक्क लिहिलेलं आहे.

आता शाळा. प्राथमिक शाळा बऱ्याच ठिकाणी बारा-एकला सुटते. त्यानंतरच्या सांभाळाचा कायदेशीर हक्क ऑगस्ट २०२६ पासून, तोही आधी फक्त पहिलीला, मग दरवर्षी एकेक इयत्ता वाढत. म्हणजे तुमच्या मुलीच्या तो कायम मागेच राहणार. नोकरीचं पत्र देणाऱ्यांपैकी कुणी हे आधी सांगत नाही, त्याचा राग मला अजून येतो. दुपारची जागा न मिळालेल्या घरात एकाची नोकरी अर्धी होते, आणि कुणाची ते तुम्हीही ओळखलं असेल. त्यामुळे घर ठरवण्याआधी शाळेला सांभाळाच्या जागेचं विचारा. पुढे दोघंही सरकारी आरोग्यविम्यात आणि नोकरीत असलात, तर आजारी मुलासाठी सध्या प्रत्येकी वर्षाला १५ दिवस मिळतात. नवऱ्याचे १५ नवऱ्यानेच घ्यायचे. "माझी मीटिंग आहे" चालवून घेऊ नका.

एकटेपणाचंही विचारलंत. येतो. गणपतीत मंडळात जा.

सगळ्यात छुपी गोष्ट करवर्गाची, म्हणजे दरमहा पगारातून किती कर कापायचा ते ठरवणाऱ्या वर्गाची. एकाचीच कमाई असते तेव्हा जोडपी कमावणाऱ्याला ३ आणि दुसऱ्याला ५ हे वर्ग घेतात. मग तुम्ही नोकरी धरलीत की पाचव्या वर्गामुळे हातात येणारा पगार फारच बारीक दिसतो आणि घरात हिशेब सुरू होतो: एवढ्याशा पैशांसाठी कशाला, घरच सांभाळ. खरं तर वर्षाचा एकूण कर विवरणपत्रानंतर तेवढाच येतो. पण बेकारभत्ता आणि बाळंतपणानंतरचा भत्ता निव्वळ पगारावर मोजतात, तिथे तुमचं खरंखुरं नुकसान होतं. नोकरी लागताच ४-४ वर, म्हणजे दोघंही चौथ्या वर्गात, या. त्यासाठी दोघांची सही लागत नाही, एकट्याचा अर्ज पुरतो.