वाचकांचे प्रश्न : दिब्रुगढची पहाट आणि मुंबईची संध्याकाळ

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त आसाममधील दिब्रुगढ येथे राहावयास गेला आहे. रात्री साडेनऊला आम्ही फोन करतो, तेव्हा तो झोपण्याच्या तयारीत असतो. बाजार लवकर मिटतो, जेवणेही लवकर होतात, असे तो सांगतो. शेजारच्या चहाबागेत तर सगळे व्यवहार आपल्या घड्याळाच्या तासभर पुढे चालतात म्हणे. हा तेथील लोकांचा स्वभाव समजावा की वेळेचा घोळ? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण स्वभाव म्हणता त्याचा मोठा भाग सूर्याने ठरवलेला आहे. मुंबई सुमारे ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि दिब्रुगढ सुमारे ९५ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने दोन्ही ठिकाणच्या मध्यान्हात जवळजवळ दीड तासाचे अंतर पडते. घड्याळ मात्र दोन्हीकडे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्ताचेच पाळले जाते. त्यातच दिब्रुगढ बरेच उत्तरेला असल्यामुळे हा फरक वर्षभर सारखा राहत नाही. जूनमध्ये तेथे पहाटे सव्वाचारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि मुंबईत सहानंतर, पण मावळतीचा फरक सव्वा तासाहून अधिक नसतो. डिसेंबरात उलट घडते. तेथे साडेचारच्या आतच सूर्य मावळतो आणि मुंबईकर सहा वाजताही उजेडात फिरत असतो. दुपारी चारनंतर दिवे लावावे लागणाऱ्या गावाने नऊ वाजता निजानीज केली, तर त्यात नवल ते काय?

चहाबागांचा तास हा याच अडचणीवर इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला तोडगा असून त्याला ‘बागान टाइम’ म्हणतात. बागेत नऊ वाजतात तेव्हा भारतीय प्रमाणवेळेप्रमाणे आठ वाजलेले असतात आणि बागेतले पाच म्हणजे आपले चार. पाने खुडण्याचे काम उजेडातच करावयाचे असल्यामुळे मजुरांचा दिवस सूर्याला धरून चालावा, एवढाच त्यामागील व्यवहार. आसामी माणूस स्वतःच्या संथपणाची ‘लाहे लाहे’, म्हणजे सावकाश, अशी थट्टा करतो खरा. परंतु आपण कूस बदलत असतो तेव्हा तो अंगण झाडून मोकळा झालेला असतो, हे मुंबईकरांनी विसरू नये.

शिवाय घड्याळाच्या बाबतीत मुंबईने आसामला नावे ठेवावीत, असा तिचा इतिहास नाही. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती. नव्या वेळेप्रमाणे अंधारातच कामावर यावे लागेल, म्हणून गिरणी कामगार खवळले, शहरातही विरोध झाला आणि महापालिकेने जुनीच वेळ पाळण्याचे ठरवले. ‘बॉम्बे टाइम’ अधिकृतपणे १९५५ पर्यंत टिकून होता. मुंबईला घड्याळ मागे हवे होते, आसामला पुढे हवे आहे. मागणीचे मूळ एकच, आपल्या गावच्या सूर्याप्रमाणे जगू द्या.

प्रश्न : मग ईशान्य भारताला वेगळी प्रमाणवेळ का देत नाहीत? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मागणी जुनी आहे. २०१४ मध्ये आसामचे तत्कालीन मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी ती उघडपणे मांडली. २०१८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील, म्हणजे देशाची वेळ राखणाऱ्याच संस्थेतील, शास्त्रज्ञांनी ईशान्येकडील राज्ये आणि अंदमान-निकोबारसाठी एक तास पुढची वेळ सुचवली. सीमारेषा आसाम आणि पश्चिम बंगालच्या चिंचोळ्या सीमेवर ठेवली, तर घड्याळ बदलावे लागणारी रेल्वे स्थानके मोजकीच राहतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. गाड्यांच्या वेळापत्रकातील चुकीतून अपघात होण्याची भीती हा या कल्पनेवरचा नेहमीचा आक्षेप असल्यामुळे तो मुद्दा महत्त्वाचा होता. केंद्र सरकारने मात्र ही सूचना स्वीकारलेली नाही. आमच्या मते रेल्वेची अडचण सोडवता येण्याजोगी आहे. एकाच देशात दोन घड्याळे असण्याविषयीची राजकीय धास्ती हाच खरा अडसर दिसतो.